दुपारी दोनला मशीन का झोपायची? काळा पडदा, खोटा आळ आणि आपण



या लेखात आम्ही एका चुकीची कबुली देणार आहोत. चूक कुणा परक्याची किंवा व्यवस्थेची नाही, आमचीच आहे. व्यवस्थेच्या चुकांवर आपण रोज लिहितो आणि लिहीत राहिलंच पाहिजे. पण आपल्याच अभ्यासिकेत, बाबासाहेबांच्या फोटोखाली बसून, आपण आपल्याच पोरांवर पुराव्याशिवाय आळ घेतला, तर त्याचं काय? हा प्रश्न आम्हाला तीन महिने कुणी विचारला नाही. शेवटी तो एका जुन्या कॉम्प्युटरच्या काळ्या पडद्याने विचारला.

सांताक्रूझ पूर्वेला, वाकोल्यात, विहाराच्या वरच्या खोलीत आमची अभ्यासिका आहे. डोक्यावरून दर काही मिनिटांनी विमान जातं, तेवढा वेळ बोलणं थांबवायचं आणि मग पुढचं वाक्य सुरू करायचं, ही सवय इथल्या प्रत्येकाला आहे. एका ऑफिसने भंगारात काढलेला कॉम्प्युटर आम्हाला मिळाला. दोन कोअरचा प्रोसेसर, चार जीबी रॅम, जुनी फिरती हार्डडिस्क. विंडोजचं लायसन्स घ्यायला पैसे नव्हते, म्हणून त्यावर लिनक्स टाकलं. त्यात स्पर्धा परीक्षांच्या जुन्या प्रश्नपत्रिका, नोट्स, आमच्या रविवारच्या व्याख्यानांची रेकॉर्डिंग असं सगळं भरलं. पोरांनी आपला मोबाईल अभ्यासिकेच्या वायफायला जोडायचा आणि हवं ते उघडायचं. बाहेरच्या इंटरनेटचा खर्च नाही. छोटी गोष्ट आहे, पण जिच्या घरात पाच माणसांत एक फोन आणि रोजचा दीड जीबी डेटा आहे, तिला विचारा ती किती छोटी आहे.

तर ही मशीन दुपारी दोनच्या सुमारास झोपायची. पान उघडायला आधी दहा सेकंद, मग मिनिट, मग काहीच नाही. उपाय ठरलेला होता: रिस्टार्ट. एकदा केलं की थोडा वेळ चालायची, पुन्हा अडकायची. पुन्हा रिस्टार्ट. तीनच्या पुढे केलेलं रिस्टार्ट मात्र लागू पडायचं. त्यातून आमच्याकडे एक नियमच तयार झाला, "तीनदा रिस्टार्ट केलं की चालते." कुणी म्हणायचं दुपारच्या उन्हाने तापते. कुणी म्हणायचं विमानतळाच्या रडारमुळे वायफाय बिघडतं. हसू नका. आपण बुद्धिवादी आहोत असं आम्हीही समजत होतो.

आणि मग आम्हाला एक 'कारण' सापडलं. डिसेंबरमध्ये तीन नवी पोरं यायला लागली होती. आयटीआयची सकाळची पाळी संपवून बरोबर दोनला येणारी. कोपऱ्यात बसायची, मोबाईल हातात, कानात इअरफोन. पोरं आली की मशीन मंद होते, हे आम्ही आठवडाभर 'पाहिलं' आणि निकाल दिला: पोरं पिक्चर डाऊनलोड करतात. त्यांनी नाही म्हटलं. आम्ही ऐकलं नाही. २६ जानेवारीला झेंडावंदन झालं, संविधानाची उद्देशिका वाचली, आणि त्याच आठवड्यात आम्ही वायफायचा पासवर्ड बदलून त्या तिघांना सांगितलं, आता येऊ नका.

मशीन त्यानंतरही दोनला झोपतच राहिली. तेव्हा तरी डोकं ठिकाणावर यायला हवं होतं. पण आळ घेतला की माणूस तो सोडत नाही, त्याला ठिगळं लावत बसतो. आम्ही म्हटलं, जाताना पासवर्ड दुसऱ्या कुणाला देऊन गेले असतील.

आता यंदाच्या जयंतीच्या आधीच्या रविवारी काय झालं ते सांगतो.

त्या दिवशी आमच्याकडे सलग अठरा तास अभ्यासाचा उपक्रम होता. सकाळी सहा ते रात्री बारा. चाळीस मुलंमुली. दोन वाजून गेले आणि प्रश्नपत्रिका उघडेनात. आमच्यातला एक जण सवयीने मशीनच्या बटणाकडे गेला. तेवढ्यात आमच्यातलीच एक मुलगी उठली. आई पश्चिमेला चार घरची धुणीभांडी करते, ही कलिन्याला विद्यापीठात शिकते आणि रात्री मोबाईलवर लिनक्सचं जे मिळेल ते वाचते.

"दादा, थांबा. रिस्टार्ट नका करू."

"अगं, पोरं खोळंबलीत. तीनदा केलं की होतं चालू."

"रिस्टार्ट केलं की पुरावा जातो, दादा. दोन मिनिटं द्या मला. आधी बघू तरी दे काय झालंय."

पुरावा जातो. हा शब्द आम्ही मोर्चात, पोलीस ठाण्यात, ॲट्रॉसिटीच्या केसमध्ये हजारदा वापरला आहे. घटनास्थळ धुऊन काढलं की पंचनाम्याला काय उरतं, हे आम्ही लोकांना समजावून सांगतो. मशीनच्या बाबतीत मात्र आम्ही तीन महिने रोज दुपारी स्वतःच्या हाताने घटनास्थळ धूत होतो.

तिने कीबोर्ड ओढला आणि काळ्या पडद्यावर पहिला शब्द टाइप केला: अपटाइम. ही कमांड मशीन किती वेळ चालू आहे ते सांगते, आणि शेवटी तीन आकडे देते. गेल्या एका मिनिटाचा, पाच मिनिटांचा आणि पंधरा मिनिटांचा सरासरी भार. म्हणजे सरासरी किती कामं चालू होती किंवा रांगेत अडकली होती. आमच्या मशीनला दोन कोअर, म्हणजे दोनच्या आसपासचा भार ती पेलू शकते. पडद्यावर आकडे होते २१, १६ आणि १०.

"दादा, हे तीन आकडे उलटे वाचा," ती म्हणाली. "दहा, सोळा, एकवीस. म्हणजे भार वाढतोय. आणि सुरू होऊन फार वेळ झालेला नाही."

दुसरी कमांड टॉप. इथे मशीन कशात गुंतली आहे ते जिवंत दिसतं. आमची अपेक्षा होती की प्रोसेसर शंभर टक्के राबत असेल. निघालं उलटंच. प्रत्यक्ष कामात तो तीन-चार टक्केच होता, आणि नव्वदच्या आसपासचा आकडा एका वेगळ्या रकान्यासमोर होता: वाट पाहणे. प्रोसेसर रिकामा बसून हार्डडिस्कची वाट पाहत होता. लिनक्सच्या भारात नुसती राबणारी कामं मोजली जात नाहीत, डिस्कसाठी ताटकळलेली कामंही मोजली जातात. म्हणून भार एकवीस आणि प्रोसेसर मोकळा, हे दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं.

मग आयोस्टॅट. हार्डडिस्कचा वापर शंभर टक्के, आणि एकेका मागणीला लागणारा वेळ प्रचंड. डिस्क एका जागेवरून दुसऱ्या जागी सुया नाचवत दमली होती. पण नाचवतंय कोण?

त्याचं उत्तर पीएसने दिलं. चालू असलेल्या सगळ्या प्रोसेसची ही यादी. तीत एकच काम एकवीस वेळा चालू होतं. बॅकअप. एकवीस बॅकअप, प्रत्येक एक-एक मिनिटाच्या अंतराने सुरू झालेला. दोन वाजून शून्य मिनिटं, दोन वाजून एक, दोन वाजून दोन... असं करत दोन वाजून वीसपर्यंत.

खोलीत एकदम शांतता झाली. कारण बॅकअप पोरांनी लावला नव्हता. आम्ही लावला होता.

लिनक्समध्ये ठरावीक वेळी आपोआप काम करायला क्रॉन नावाची सोय आहे. त्यात एका ओळीत पाच रकाने असतात: मिनिट, तास, महिन्याची तारीख, महिना, वार. रात्री अभ्यासिका बंद असते, मशीनही बंद असते, म्हणून आम्ही दिवाळीनंतर ठरवलं की रोज दुपारी दोनला रेकॉर्डिंगचा बॅकअप घ्यायचा. ओळ इंटरनेटवरून उचलली आणि तासाच्या जागी १४ घातलं. मिनिटाच्या जागी तारा तसाच राहिला. तारा म्हणजे 'प्रत्येक'. म्हणजे मशीनला आमचा हुकूम होता: दोन वाजल्यापासून तीन वाजेपर्यंत प्रत्येक मिनिटाला एक नवा बॅकअप सुरू कर. पहिला अर्ध्या तासात संपला असता. पण दुसरा, तिसरा, दहावा त्याच डिस्कवर येऊन बसल्यावर एकही संपत नव्हता. रिस्टार्ट केलं की सगळे मरायचे, आणि पुढच्या मिनिटापासून पुन्हा रांग सुरू. तीननंतर केलेलं रिस्टार्ट लागू पडायचं, कारण तीननंतर नवा सुरूच होत नव्हता. आमच्या 'तीनदा रिस्टार्ट'च्या मंत्रामागचं रहस्य एवढंच.

तिने आधी ती ओळ बंद केली, मग एकवीस बॅकअप थांबवले. अपटाइम पुन्हा टाकलं. पहिला आकडा झपाट्याने उतरला, पाच मिनिटांचा हळू, पंधरा मिनिटांचा सगळ्यात मागून. प्रश्नपत्रिका उघडायला लागल्या. पोरं अभ्यासाला लागली. ताऱ्याच्या जागी तिने शून्य टाकलं. एका अक्षराची दुरुस्ती.

पण ती तिथे थांबली नाही. तिने जर्नलसीटीएल चालवलं. मशीनमध्ये काय कधी घडलं याचं हे रोजनिशीचं दप्तर. त्यात क्रॉनची प्रत्येक नोंद होती. दुपारी दोन ते तीन, मिनिटाला एक. ती मागे मागे जात राहिली. मार्च, फेब्रुवारी, जानेवारी. डिसेंबर. नोव्हेंबर.

"दादा," ती म्हणाली, "ती पोरं डिसेंबरमध्ये आली ना? ही ओळ नोव्हेंबरपासून चालू आहे."

आम्ही कुणीच काही बोललो नाही. वरून विमान गेलं, तेवढा वेळ आम्हाला न बोलायला निमित्त मिळालं.

आणखी एक गोष्ट त्याच संध्याकाळी कळली. त्या सगळ्या बॅकअपचं फाइलचं नाव एकच होतं, त्यात फक्त तारीख होती. साठ जण एकाच वहीच्या एकाच पानावर एकाच वेळी लिहायला बसले तर जे होईल, ते झालं होतं. आमचा एकही बॅकअप उघडत नव्हता. पाच महिने आम्ही "आपल्याकडे बॅकअप आहे" असं म्हणत होतो. परत काढून पाहिलेला नसेल तर तो बॅकअप नाही, ती समजूत आहे.

मित्रांनो, आता मुद्द्याकडे येतो. चळवळीच्या लेखात ही कॉम्प्युटरची कथा कशाला, असं काही कार्यकर्त्यांना वाटेल. आमच्या मते ही चळवळीचीच कथा आहे.

तथागतांनी कालामांना काय सांगितलं ते आपण भाषणात नेहमी सांगतो: ऐकीव आहे म्हणून, परंपरेने आलं म्हणून, सांगणारा मोठा आहे म्हणून स्वीकारू नका, स्वतः पारखून घ्या. प्रतीत्यसमुत्पादही सांगतो: कारण असेल तर परिणाम असतो, कारण संपलं की परिणाम संपतो. आणि मशीन बंद पडली की आपण काय करतो? बटण दाबतो. चाललं तर ठीक, नाही चाललं तर पुन्हा दाबतो. कारण न शोधता केलेली ठरावीक कृती म्हणजे कर्मकांड. नारळ फोडून मशीन सुरू करणाऱ्याला आपण हसतो, पण 'तीनदा रिस्टार्ट' आणि नारळ यांत फरक सांगा पाहू.

त्याहून गंभीर गोष्ट पुढची आहे. दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या म्हणून एक दुसरीचं कारण ठरत नाही. पोरं दोनला यायची, मशीन दोनला झोपायची. आम्ही रेघ ओढली आणि गुन्हेगार ठरवला. वस्तीत चोरी झाली की पहिल्यांदा कुणाच्या दारात पोलीस येतात? ऑफिसात पाकीट हरवलं की सफाईवाल्याची पिशवी का तपासतात? ही रेघ आपल्यावर पिढ्यान्पिढ्या ओढली गेली आहे. ती ओढणारा हात आपलाही असू शकतो, हे आम्ही त्या रविवारी शिकलो.

आणि मोजण्याबद्दल. सांताक्रूझच्या माणसाला हा धडा दुसऱ्या कुणी शिकवायची गरज नव्हती. २६ जुलै २००५. सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्याच मुंबईत, त्याच दिवशी, कुलाब्याच्या वेधशाळेत सुमारे ७४. फक्त कुलाब्याचं यंत्र असतं तर सरकारी कागदावर मुंबईत एक साधा पावसाळी दिवस झाला असता, आणि इथे मिठी नदी आणि वाकोला नाला घराघरात शिरले होते. दोन्हींची सरासरी काढली असती तर ती दोन्ही ठिकाणी खोटी ठरली असती. माप कुठे ठेवलं आहे, यावर कुणाचं दुःख दिसणार आणि कुणाचं बुडणार हे ठरतं.

बाबासाहेबांना हे पुरेपूर माहीत होतं. १९१९ मध्ये साउथबरो समितीसमोर साक्ष देताना ते नुसती तक्रार घेऊन गेले नव्हते, लोकसंख्या आणि प्रतिनिधित्व यांचा हिशेब घेऊन गेले होते. १९२३ साली आलेला त्यांचा रुपयाच्या प्रश्नावरचा ग्रंथ आकड्यांवर उभा आहे. आज जातनिहाय जनगणनेचा आग्रह आपण धरतो तो याच कारणासाठी. १९३१ नंतर देशाने सगळ्या जातींचे आकडे प्रसिद्ध केलेच नाहीत, आणि जे समोर ठेवलं नाही ते नाहीच असं म्हणायला मोकळे झाले. ३० एप्रिल २०२५ ला केंद्र सरकारला पुढच्या जनगणनेत जात मोजण्याचा निर्णय जाहीर करावा लागला. सरकारने मोजावं म्हणून भांडणारे आपण, आपल्या अभ्यासिकेत मात्र अंदाजावर निकाल देतो. हे चालणार नाही.

आता काही मित्र म्हणतील, ही कमांडची भानगड कशाला, आता एआयला विचारलं की तो सांगतो. विचारा ना, जरूर विचारा. पण आमची ती ताऱ्याची ओळसुद्धा कुणीतरी 'सांगितलेली'च होती. सांगणारा बदलला, वेबसाइटच्या जागी एआय आला, तरी ओळ मशीनवर चालवणारा हात आपलाच आहे आणि भोगणारी पोरंही आपलीच आहेत. पाच रकान्यांचा अर्थ ज्याला कळतो तो उत्तर तपासू शकतो. ज्याला कळत नाही, त्याच्यासाठी एआय हा नवा भटजीच.

दुसरे मित्र म्हणतील, हे शिकून आपली पोरं शेवटी कंपन्यांचीच चाकरी करणार. याचं उत्तर जरा सविस्तर द्यायला हवं. आपल्या भागाचं नाव या उद्योगावर पहिल्यापासून कोरलेलं आहे. १९७३ साली अंधेरीत जो निर्यात विभाग सुरू झाला त्याचं नाव सांताक्रूझ इलेक्ट्रॉनिक्स एक्स्पोर्ट प्रोसेसिंग झोन, म्हणजेच आपलं सीप्झ. भारतातून सॉफ्टवेअर परदेशात जायला लागलं त्या सुरुवातीच्या ठिकाणांपैकी हे एक. इकडे जुहूत नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी ही संस्था होती, पुढे २००३ मध्ये ती सी-डॅकमध्ये आली. देशात इंटरनेट सामान्य माणसाला १९९५ मध्ये मिळालं, पण त्याच्या कितीतरी आधी, १९८०च्या दशकातच, या संस्थेतून पवईच्या आयआयटीशी ईमेल सुरू झाला होता. म्हणजे हे ज्ञान आपल्या दारावरून, बसच्या दोन-चार स्टॉपवरून, चाळीस-पन्नास वर्षं ये-जा करत होतं. आमच्यातल्या काहींचे वडील सीप्झच्या गेटमधून रोज आत जायचेही. हाऊसकीपिंगच्या गणवेशात.

ज्ञान जवळ असणं आणि हाताशी असणं यात अंतर आहे. महाडचं चवदार तळं आठवा. १९२३ मध्ये मुंबई विधिमंडळात बोले ठराव झाला, १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने तळं सगळ्यांना खुलं केल्याचा ठराव केला. कागदावर तळं खुलं होतं. तरी २० मार्च १९२७ पर्यंत आपला माणूस तिथलं पाणी पिऊ शकला नव्हता. लिनक्सचंही तसंच समजा. १९६९ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅबमध्ये युनिक्स जन्मलं, १९८३ मध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी कुणालाही वाचता, बदलता, वाटता येईल अशा सॉफ्टवेअरसाठी ग्नू प्रकल्प जाहीर केला, १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स या हेलसिंकीतल्या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा लोकांसमोर ठेवला. आज जगातले बहुतेक सर्व्हर त्यावर चालतात. ते फुकट आहे, उघडं आहे, प्रवेशाला जातीचा दाखला लागत नाही. पण ओंजळ आपल्यालाच भरावी लागते. क्लासवाल्यांना हजारो रुपये देऊन सर्टिफिकेट घ्यायचं आणि मशीन अडली की रिस्टार्ट मारायचं, याला ओंजळ भरणं म्हणत नाहीत.

मात्र भाबडेपणा नको. मशीन आडनाव विचारत नाही, पण मशीनपर्यंत नेणारा माणूस विचारतो. "सांताक्रूझला नेमकं कुठे राहता?" हा प्रश्न आमच्यातल्या एकाला इंटरव्ह्यूत तीनदा विचारला गेला, तोवर विचारणाऱ्याला हवं ते उत्तर मिळालं. ३० जून २०२० रोजी कॅलिफोर्निया राज्याच्या विभागाने सिस्को या कंपनीवर दावा दाखल केला. दलित अभियंत्याला सवर्ण वरिष्ठांनी जातीवरून वागणूक दिली असा आरोप होता. कंपनीने तो नाकारला, आणि २०२३ मध्ये त्या दोन वरिष्ठांविरुद्धचा दावा विभागाने मागे घेतला. पण याच २०२३ च्या फेब्रुवारीत सिएटल शहराने जातीवरून भेदभाव करायला कायद्याने बंदी घातली. सिलिकॉन व्हॅलीत जात पोहोचली आहे, मग आपल्या बीकेसीत ती गेटबाहेर थांबली असेल का? म्हणून कमांड शिका आणि संघटनाही बांधा. एकाने दुसऱ्याची जागा भरून निघत नाही.

आता त्या तिघांबद्दल.

सोमवारी आम्ही त्यांच्या घरी गेलो. एकटा-दुकटा माणूस पाठवला नाही, ज्यांनी ज्यांनी निकाल दिला होता ते सगळे गेलो. दोघांनी ऐकून घेतलं आणि परत यायला लागले. तिसरा गोळीबारला राहतो. तो खाली आला, आमचं सगळं ऐकलं. क्रॉन, तारा, नोव्हेंबर, सगळं. मग म्हणाला, "मी काही केलं नाही हे मला तेव्हाच माहीत होतं दादा. तुम्हाला कळायला मशीन लागली."

तो परत आला नाही. आता तो सामान पोहोचवण्याचं काम करतो. त्याने आयटीआय सोडलं ते आमच्यामुळेच, असा दावा आम्ही करणार नाही. आत्ताच सांगितलं, दोन गोष्टी लागोपाठ घडल्या म्हणून एक दुसरीचं कारण ठरत नाही. पण अभ्यासाला बसायची एक जागा त्याच्याकडे होती आणि ती आम्ही हिसकावली, एवढं तर सिद्ध आहे. तो कानात इअरफोन घालून काय ऐकायचा, हेही त्याच्या मित्राने नंतर सांगितलं. मशीनवरची आमचीच व्याख्यानं.

त्यानंतर आम्ही अभ्यासिकेत काही बदल केले, ते इतर अभ्यासिकांना उपयोगी पडतील म्हणून लिहितो.

मशीनवर आता सिसस्टॅट बसवलं आहे. त्यातलं सार हे साधन दर दहा मिनिटांनी भार, मेमरी, डिस्क यांची नोंद आपोआप ठेवतं. "काल दुपारी काय झालं होतं?" याचं उत्तर आता कुणाच्या आठवणीवर अवलंबून नाही.

रूटचा, म्हणजे सर्वाधिकाराचा, पासवर्ड आता कुणालाच वाटलेला नाही. ज्यांना काम करायचं आहे ते स्वतःच्या नावाने आत येतात आणि लागेल तेव्हा सुडो वापरतात. कुणी, किती वाजता, काय केलं याची नोंद राहते. अध्यक्षांचीही राहते. ज्याच्या हातात सत्ता आहे त्याचा हिशेब लिहिलेला असावा, हे आपण सरकारकडे मागतो. घरापासून सुरुवात केली.

अडचण आली की बघायचा क्रम भिंतीवर मराठीत लावला आहे. आधी अपटाइम, भार किती आणि वाढतोय की उतरतोय. मग टॉप, प्रोसेसर राबतोय की वाट पाहतोय. मग फ्री, मेमरी उरली आहे का. इथे नवशिके घाबरतात, कारण 'मोकळी' मेमरी नेहमी थोडीच दिसते. लिनक्स रिकामी मेमरी फाइली हाताशी ठेवायला वापरतं आणि लागली की सोडतं. म्हणून 'उपलब्ध'चा रकाना वाचायचा. मग व्हीएमस्टॅट, त्यात पहिली ओळ मशीन सुरू झाल्यापासूनची सरासरी असते, ती सोडून पुढच्या ओळी पाहायच्या. मग आयोस्टॅट, डिस्कवर ताण आहे का. मग डीएफ, जागा संपली आहे का. शेवटी जर्नलसीटीएल, दप्तर काय म्हणतंय. हे सगळं वहीत लिहून झाल्यावरच बटणाला हात लावायचा. आणि कुणाचंही नाव घ्यायच्या आधी नोंद दाखवायची.

प्रत्येक कमांडची पूर्ण माहिती मशीनमध्येच असते, मॅन लिहून कमांडचं नाव टाकलं की पान उघडतं. अडचण इंग्रजीची आहे, ती आम्ही नाकारत नाही. लिनक्समध्ये भारतीय भाषा आणण्यासाठी इंडलिनक्स हा प्रकल्प मुंबईतूनच सुरू झाला होता, पण मॅनची पानं अजून आपल्या भाषेत भेटत नाहीत. म्हणून ती मुलगी आता दर रविवारी एक पान मराठीत समजावते आणि पोरं वहीत उतरवतात. आतापर्यंत अकरा पानं झाली. वही कुणालाही फोटो काढून न्यायला मोकळी आहे.

रविवारी दुपारी दोनला या. हीच वेळ मुद्दाम ठेवली आहे. आणि तुमच्या अभ्यासिकेतून, मंडळातून, संघटनेतून कुणाला असंच "येऊ नका" म्हटलं असेल, तर इथे यायच्या आधी त्याच्याकडे जाऊन या.

जय भीम.